भट्टीआधीची करामत

ओली फळी वाळवायला ठेवली की ती आधी बाहेरून सुकते आणि आकसू पाहते. आत ओल असल्यामुळे गाभा मात्र जागचा हलत नाही. या ओढाताणीत तडे जातात, फळी पीळ धरते. त्यामुळे लाकडावर आधीच काही संस्कार करून ठेवायची खटपट फार जुनी.

इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात रोमन वास्तुविशारद विट्रुव्हियसने लिहून ठेवले, की झाडाला गाभ्यापर्यंत खाच पाडून ते उभेच ठेवावे, रस झिरपून जाऊ द्यावा. ब्रह्मदेशातल्या सागाच्या जंगलांत याच जातीची युक्ती व्यापारी प्रमाणावर चालली. बुंध्याभोवती साल आणि तिच्याखालचे पांढरे लाकूड कापून कडे काढायचे, की मुळांचे पाणी वर चढणे बंद. झाड दोन-तीन वर्षे उभ्याउभ्या वाळे. यामागे रोकडा हिशेब होता: ओला साग पाण्यात बुडतो आणि ओंडके तर नदीतून वाहून न्यायचे!

लाकूड नेमके केव्हा आकसते, याचे वर्म सापडले ते 1906 मध्ये, अमेरिकेत संशोधक हॅरी टीमन यांना. ओलावा साधारण 30 टक्क्यांवर येईतो पेशींच्या पोकळ्यांतले पाणी जाते. त्याखाली पेशीभित्तिकांतले निघू लागले, की लाकूड आकसते.

पुढे अमेरिकेतल्याच मॅडिसनच्या फॉरेस्ट प्रॉडक्ट्स लॅबोरेटरीत मीठ आणि युरिया वापरून पाहिले गेले. अशा द्रावणात भिजलेल्या फळीचा पृष्ठभाग ओल धरून ठेवतो आणि आतल्या पाण्याला बाहेर यायला सवड मिळते. युक्ती नामी, पण मीठ खिळे गंजवते आणि दमट हवेत लाकडाला घाम फुटतो. कोकणातल्या आषाढात अशा कपाटाचे काय झाले असते, हे सांगायला नको. 1970 च्या सुमारास अक्रोडाचे लाकूड वाळवण्याआधी गोठवून पाहिले. आकसणे घटले, पण गिरण्यांनी ते फारसे उचलले नाही.

ओकवरचा इलाज त्या मानाने अगदी साधा निघाला. करवतीच्या दातांनी फळीच्या अंगावर सूक्ष्म ओरखडे उठतात आणि वाळवणीच्या भट्टीत तडे तिथूनच सुरू होतात. म्हणून आधी दोन्ही बाजूंनी रंधा मारायचा.

आकसणे रोखणाऱ्या पॉलिएथिलीन ग्लायकॉल या रसायनाचे नाव झाले ते स्वीडनच्या ‘वासा’ जहाजामुळे. 1628 मध्ये बुडालेले हे जहाज 1961 मध्ये वर काढले आणि लाकडातल्या पाण्याची जागा त्याने घ्यावी म्हणून 17 वर्षे त्यावर फवारे मारले.

वखारीत मात्र टिकला तो ओंडक्यांच्या तोंडांना फासलेला मेणाचा थर. तोंडाकडून पाणी इतर बाजूंपेक्षा 10 ते 15 पट वेगाने निसटते, म्हणून हा थर लाकूड तोडल्यातोडल्याच द्यावा लागतो.