शेपटाच्या चारीपासून धरणापर्यंत

कालव्याच्या पाण्यावर ज्यांची पिके उभी राहतात, त्यांपैकी फार थोड्या शेतकरी बंधूंनी ते पाणी कोठून व कसे येते हे प्रत्यक्ष पाहिलेले असते. पाणी वापर संस्थेच्या सभासदांची अभ्याससहल काढावयाची झाल्यास प्रवरा कालव्यांचा प्रदेश त्यास उत्तम आहे. रब्बीचे आवर्तन चालू असताना ग्रामसेवकांनी ती योजावी.

आरंभ शेपटाच्या चारीवर करावा. तेथे पाणी किती दिवसांनी व किती पोहोचते, हे तेथील शेतकऱ्याच्याच तोंडून ऐकावे. मग वर निघावे. ओझर येथे बंधाऱ्याने प्रवरा अडवून डावा व उजवा असे दोन कालवे काढलेले आहेत. पाणी फार वेगाने धावले तर काठ झिजतात, मंदावले तर गाळ साचतो. म्हणून कालव्याचा उतार अल्प व मोजका ठेवतात. त्यासाठीच तो डोंगरउताराच्या कडेने वळणे घेत जातो. आडवा ओढा आल्यास जलसेतूवरून पाणी पलीकडे नेतात.

येथे एक हिशेब सर्वांनी मिळून करावा. सेकंदास १ घनफूट पाणी दिवसभर वाहिले, तर ८६,४०० घनफूट होते. तेवढ्यात सुमारे ८ एकरांस ३ इंच पाणी बसते. वरच्या अंगास कोणी काठ फोडून इतके पाणी चोरले, तर खालच्या ८ एकरांची पाळी बुडाली असे समजावे.

पुढे भंडारदऱ्यास जावे. १९२६ साली पूर्ण झालेले हे दगडी धरण सुमारे २७० फूट उंच असून त्यात सुमारे ११ अब्ज घनफूट पाणी साठते. जलाशयात नावेने फेरी मारावी. मात्र प्रत्येकाने जीवरक्षक जाकीट घालावे व वारा सुटल्यास नाव काढू नये. नावेतून रतनगडाकडील डोंगर दिसतात. प्रवरेचा उगम तिकडेच आहे. पावसाळ्यात तेथून आलेले पाणीच पुढे वर्षभर पुरवावयाचे असते. आवर्तने सुटत जातात तसतसा काठ उघडा पडतो. तो पाहिला म्हणजे साठा अमर्याद नाही हे वेगळे सांगावे लागत नाही.

परतल्यावर आठ दिवसांत संस्थेची सभा भरवावी. शेजपाळी सर्वांसमक्ष वाचावी, चाऱ्यांतील गाळ व गवत काढण्याचा दिवस ठरवावा आणि पहिली पाळी शेपटाकडून सुरू करण्याचा विचार व्हावा.