आजोबांचं पिंपरी विचारून घ्या

‘पिंपरी-चिंचवडला कसला आलाय इतिहास? सगळ्या कंपन्याच तर!’ हे वाक्य कॉलेजच्या कट्ट्यावर तुम्ही ऐकलं असेल, कदाचित स्वतःही फेकलं असेल. शनिवारवाडा पुण्यात, लाल महाल पुण्यात. आपल्याकडे मेट्रो, मॉल आणि ट्रॅफिक. पण एक करा. घरात, सोसायटीत पंचाहत्तरी ओलांडलेलं कुणी असेल, तर विचारा, ‘तुम्ही लहान होता तेव्हा इथे काय होतं?’ उत्तर एक नाही मिळणार. निदान तीन मिळतील.

पहिलं उत्तर गावठाणातलं. पिंपरी, चिंचवड, आकुर्डी, भोसरी ही तेव्हा वेगवेगळी गावं होती आणि मधे होती शेतं. पोहायला शिकायचं ते पवनेत. खेळायला मोरया गोसावींच्या समाधी मंदिराजवळचा घाट. आषाढीआधी तुकोबांची पालखी आकुर्डीत मुक्कामाला यायची, आजही येते. चापेकरांचं घर चिंचवडचंच. रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या १८९७ मध्ये. १९५० च्या आसपास गावातल्या म्हाताऱ्यांसाठी ती काही पुस्तकातली गोष्ट नव्हती.

दुसरं उत्तर कॅम्पातलं. १९४७ च्या फाळणीनंतर सिंधमधून घरदार सोडून आलेली कुटुंबं पिंपरीत वसवली गेली. तिथल्या मुलांची घरातली भाषा सिंधी आणि रस्त्यावरची मराठी. ज्या गावाच्या गोष्टी आई सांगायची, ते गाव आता परक्या देशात. तुम्ही ज्या पिंपरी कॅम्पात लग्नाची खरेदी करता, तो बाजार याच लोकांनी शून्यातून उभा केला.

तिसरं उत्तर कॉलनीतलं. १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स स्थापन झाली. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या मदतीने उभा राहिलेला हा कारखाना देशातच पेनिसिलीन बनवू लागला. सोबत कामगारांसाठी वसाहत आली. शेजारी वेगवेगळ्या प्रांतांतले, त्यामुळे डबे वेगळे, सण वेगळे आणि खेळायला टोळी मात्र एकच. याच कंपनीत डॉ. थिरुमलाचार यांच्या चमूने बुरशीवरचं ‘हॅमायसिन’ शोधलं. ज्या सूक्ष्मजीवापासून ते मिळालं, त्याचं नाव ‘स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना’. विज्ञानाच्या जगात पिंपरीचं नाव असं कायमचं कोरलं गेलंय, आणि आपण म्हणतो इतिहास नाही!

पण हे सगळं नुसतं गोड समजू नका. १९६२ मध्ये एमआयडीसी आली, जमिनी संपादित झाल्या, कारखान्यांची रांग लागली. कॉलनीतल्या मुलाला मैदान मिळालं, गावठाणातल्या मुलाचं शेत गेलं. कुणाला गेटच्या आत नोकरी लागली, कुणी गेटबाहेर चहाची टपरी टाकली. १९७० मध्ये चार गावांची मिळून नगरपालिका झाली, १९८२ मध्ये महापालिका. कागदावर शहर एक झालं. आठवणी मात्र तीनच राहिल्या.

आज हीच गोष्ट चाकणला घडतेय. कांद्याच्या बाजारासाठी ओळखलं जाणारं गाव, शेजारी मोटारींचे कारखाने. तिथली आजची दहा वर्षांची पोरं उद्या काय सांगतील?

१९५५ मध्ये दहा वर्षांचे असलेले आता ऐंशी पार करतायत. त्यांचं पिंपरी कुठल्या गुगल मॅपवर नाही, फक्त त्यांच्या डोक्यात आहे. तेव्हा ‘परीक्षा झाली की बघू’ म्हणू नका. मोबाइलचा रेकॉर्डर सुरू करा आणि साधे प्रश्न विचारा. शाळेत कसे जायचात? पाणी कुठून आणायचात? आपलं शेत कुठे होतं, आता तिथे काय आहे? शेवटचा प्रश्न जरा जपून विचारा. उत्तर यायला वेळ लागेल, पण ते पूर्ण ऐका.