निवृत्त फौजीला कधी विचारलेत, त्याला काय वाटते?

जयपूर शहरातून सीकर रोडने बाहेर पडलात की विश्वकर्मा औद्योगिक क्षेत्र लागते. इथले लोक त्याला नुसते 'व्हीकेआय' म्हणतात. कारखान्यांची रांग, ट्रक, धूळ, चहाच्या टपऱ्या आणि प्रत्येक फाटकावर एक सुरक्षारक्षक. त्यातला एखादा जरा वेगळा दिसतो. पाठ ताठ, बुटांना पॉलिश आणि तुमचे नाव रजिस्टरमध्ये लिहितानाही अक्षर नीट. तो बहुधा माजी सैनिक असतो. हाच रस्ता पुढे सीकर आणि झुंझुनूकडे, म्हणजे शेखावाटीत जातो आणि तिथल्या घराघरातून पोरे फौजेत जातात. आपल्याकडे साताऱ्याचे अपशिंगे गाव जसे 'मिलिटरी अपशिंगे' म्हणून ओळखले जाते, तसेच काहीसे.

जवान चाळिशीच्या आसपास निवृत्त होतो तेव्हा मुले शाळेत असतात, घराचे काम अर्धवट असते. मग दुसरी नोकरी आलीच. आपण त्याला येता-जाता 'जय हिंद' म्हणतो, २६ जानेवारीला त्याच्यासोबत फोटो काढतो. पण युद्धाबद्दल, राजकारणाबद्दल, बरे-वाईट काय याबद्दल त्याचे मत काय आहे, हे मात्र विचारत नाही. ते मत आपण गृहीत धरलेले असते. सैनिक म्हणजे युद्ध हवे असणारा माणूस, असे आपल्याला सिनेमाने शिकवले आहे.

म्हणून आज तुम्हाला महाराष्ट्राशी नाते असलेल्या दोन फौजींबद्दल सांगायचे आहे. एक कोल्हापूरचा सेनानी, दुसरा अलिबागजवळ शेती करणारा नौदलप्रमुख. दोघांनी युद्ध जवळून पाहिले होते आणि दोघांचीही मते आपल्या कल्पनेतल्या फौजीशी जुळत नाहीत.

लेफ्टनंट जनरल शंकरराव पांडुरंग पाटील थोरात हे नाव तरुण वाचकांनी कदाचित ऐकलेही नसेल. मीही कॉलेजात इंग्रजी साहित्य शिकले, युद्धकविता पाठ केल्या, पण थोरात माझ्या अभ्यासक्रमात कुठेच नव्हते. १९०६ चा जन्म, सँडहर्स्टचे शिक्षण. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशातल्या कांगॉच्या लढाईत जपान्यांविरुद्ध एक ब्रिगेड लढली, जिच्या तिन्ही बटालियनचे प्रमुख भारतीय होते: थिमय्या, सेन आणि थोरात. तिघांनाही डीएसओ हा सन्मान मिळाला. म्हणजे हा माणूस लढाईला घाबरणारा नव्हता, एवढे लक्षात ठेवा.

पण त्यांचा सर्वात अवघड पराक्रम लढाईतला नाहीच. १९५३ मध्ये कोरियातले युद्ध थांबले, तेव्हा मायदेशी परत जायला नकार देणारे बावीस हजारांहून अधिक चिनी आणि उत्तर कोरियन युद्धकैदी होते. त्यांना सांभाळायचे कोणी? हे काम भारताकडे आले आणि तिथल्या भारतीय फौजेचे प्रमुख होते थोरात. दक्षिण कोरियाच्या सरकारचा भारतावर इतका राग होता, की आपल्या जवानांना त्यांच्या भूमीवर पाय ठेवू दिला नाही. जहाजातून उतरवून हेलिकॉप्टरने थेट छावणीत न्यावे लागले. एकदा कैद्यांनी एका भारतीय मेजरला आत ओढून ओलीस ठेवले. बाहेर सशस्त्र जवान सज्ज होते. थोरातांना एक आदेश द्यायचा होता आणि मेजरची सुटका झाली असती. कदाचित शेकडो मुडदेही पडले असते. त्यांनी तो आदेश दिला नाही. शस्त्र न घेता ते स्वतः त्या संतापलेल्या गर्दीत गेले, बोलत बसले आणि आपल्या अधिकाऱ्याला घेऊन बाहेर आले. गोळी झाडली गेली नाही. कोरियातल्या कामगिरीबद्दल त्यांना अशोकचक्र वर्ग दोन मिळाले, ज्याला आज आपण कीर्तिचक्र म्हणतो.

बंदूक हातात असताना ती न चालवणे यालाही शौर्यपदक मिळते, हे मुलांना सांगण्यासारखे आहे. निदान मोबाइलवर गोळ्या झाडण्याचे खेळ खेळणाऱ्या आपल्या भाच्यांना तरी.

यानंतरची गोष्ट जास्त बोचणारी आहे.

१९५७ ते १९६१ या काळात थोरात पूर्व विभागाचे प्रमुख होते. तेव्हाच्या नेफाची, म्हणजे आजच्या अरुणाचल प्रदेशाची सरहद्द त्यांच्याकडे होती. ऑगस्ट १९५९ मध्ये लोंगजू इथे चिनी सैन्याशी चकमक झाली. थोरातांनी नकाशे घेतले, रस्ते मोजले, कुठे किती सैन्य, रसद, दारूगोळा लागेल हे मांडले आणि ऑक्टोबर १९५९ मध्ये तो अहवाल वर पाठवला. मार्च १९६० मध्ये लखनऊला 'लाल किला' नावाचा युद्धसराव घेऊन, चीनने हल्ला केला तर कोणती ठाणी टिकणार नाहीत, हे अधिकाऱ्यांना समोर दाखवले. सांगणे सरळ होते: सरहद्दीला अगदी चिकटून छोट्या चौक्या उभारून उपयोग नाही. जिथे आपली रसद नीट पोचते आणि शत्रूची तुटते, तिथे मागे येऊन पाय रोवा.

लष्करप्रमुख थिमय्यांना हे पटले. संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांना पटले नाही. चीन हल्ला करणार नाही, असे दिल्लीत ठरले होते. भीती पसरवणारे म्हणून थोरातांची संभावना झाली. थिमय्यांनी आपल्या जागी त्यांचे नाव सुचवले होते, पण ते लष्करप्रमुख झाले नाहीत. १९६१ मध्ये ते निवृत्त झाले.

२० ऑक्टोबर १९६२ ला चीनने हल्ला केला. महिन्याभरात सेला आणि बोमडिला पडले. सुती कपड्यातले, अपुऱ्या काडतुसांचे आपले जवान हिमालयातल्या थंडीत लढले. सरकारी आकड्यांनुसार १,३८३ जण ठार झाले, १,६९६ बेपत्ता. मेनन गेले आणि त्यांच्या जागी आले आपले यशवंतराव चव्हाण. 'हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला' हे वाक्य तुमच्या आजीआजोबांना आठवत असेल. पंडित नेहरूंनी मग थोरातांना बोलावून घेतले. तो जुना अहवाल आपल्यापर्यंत का आला नाही, असा त्यांचा प्रश्न होता. थोरातांनी हे सारे पुढे आत्मकथनात लिहिले. मराठीत ते 'माझी शिपाईगिरी' या नावाने आहे.

आता तुम्ही म्हणाल, इतके माहीत होते, तर थोरात आधीच ओरडून का बोलले नाहीत? पत्रकार परिषद घ्यायची, राजीनामा तोंडावर फेकायचा! मलाही आधी हेच वाटले. सिनेमातला नायक असता तर त्याने तेच केले असते.

पण साल बघा. ऑक्टोबर १९५८ मध्ये शेजारी पाकिस्तानात जनरल अयुब खान यांनी सत्ता हातात घेतली होती. दिल्लीतले सरकार प्रत्येक लोकप्रिय सेनापतीकडे संशयाने पाहत होते. थिमय्यांनी १९५९ मध्ये मेनन यांच्या कारभाराला कंटाळून राजीनामा दिला, तर देशभर गदारोळ झाला, राजीनामा मागे घ्यावा लागला आणि वर संसदेत नेहरूंची बोलणीही खावी लागली. वर्दीतल्या माणसाने आपले म्हणणे वरिष्ठांना स्पष्ट लिहून द्यायचे, पुन्हा पुन्हा सांगायचे आणि निर्णय मात्र निवडून आलेल्या सरकारचा मानायचा, ही थोरातांची धारणा होती. सरकार चुकत असेल तरीही.

हे तत्त्व आपल्या लोकशाहीला फार उपयोगी पडले. शेजारच्या देशांकडे पाहिले की ते कळते. पण त्याची किंमत सेलाच्या बर्फात कोणीतरी मोजली, हेही खरेच. ज्या आईचा मुलगा १९६२ मध्ये परत आला नाही, तिला हे तत्त्व कसे समजावणार? मला याचे उत्तर सापडलेले नाही.

निवृत्तीनंतर मात्र बंधन सुटते आणि इथे दुसरा फौजी येतो. अ‍ॅडमिरल लक्ष्मीनारायण रामदास यांचा जन्म १९३३ मध्ये मुंबईत माटुंग्याला झाला. १९७१ च्या युद्धात ते 'आयएनएस बियास' या युद्धनौकेचे कप्तान होते आणि पूर्व पाकिस्तानच्या नाकेबंदीतल्या कामगिरीसाठी त्यांना वीरचक्र मिळाले. १९९० ते १९९३ ते नौदलप्रमुख होते. नौदलात महिला अधिकारी १९९२ मध्ये आल्या, त्या त्यांच्याच काळात.

निवृत्त झाल्यावर ते दिल्लीच्या बंगल्यात रमले नाहीत, अलिबागजवळ भायमळा गावात शेती करू लागले. आणि ते बोलू लागले. १९९८ च्या अणुचाचण्यांना त्यांनी विरोध केला. पाकिस्तानातल्या शांततावादी लोकांबरोबर काम केले. २००४ चा मॅगसेसे पुरस्कार त्यांना पाकिस्तानचे पत्रकार आय. ए. रहमान यांच्यासोबत मिळाला. ज्यांच्या जहाजांना समुद्रात अडवले, त्याच देशातल्या माणसाशेजारी पुरस्कार घ्यायला उभे राहायचे! रायगडमध्ये सेझसाठी शेतजमिनी घ्यायची वेळ आली, तेव्हाही ते शेतकऱ्यांच्या बाजूने उभे राहिले.

२०१९ च्या निवडणुकीच्या तोंडावर, पुलवामानंतर, प्रचारात सैन्याचा वापर थांबवा, असे त्यांनी निवडणूक आयोगाला कळवले. त्याच मार्चमध्ये आयोगानेही पक्षांना बजावले, की जाहिरातींत जवानांचे फोटो वापरू नका. एप्रिलमध्ये दीडशेहून अधिक माजी सैनिकांच्या नावाने राष्ट्रपतींना पत्र गेले. मात्र त्यातल्या काही बड्या नावांनी आपण संमती दिलीच नव्हती, असे सांगितले. म्हणजे माजी सैनिकांतही एकमत नव्हते. असायलाच हवे असेही नाही.

रामदास यांना लोकांनी भोळे म्हटले, देशद्रोहीसुद्धा म्हटले. वीरचक्र मिळवलेल्या माणसाला, आणि तेही बहुतेक वेळा घरी बसून. १५ मार्च २०२४ ला, नव्वदाव्या वर्षी, ते हैदराबादमध्ये गेले.

तुम्हाला त्यांची सगळी मते पटलीच पाहिजेत असे नाही. मलाही पाकिस्तानबाबत ते कधी कधी जास्तच आशावादी वाटतात. पण तुमच्या घरात, सोसायटीत, ऑफिसच्या फाटकावर कोणी माजी सैनिक असेल. मामा असतील, सासरे असतील, वॉचमन काका असतील. पुढच्या वेळी 'तुम्ही किती शत्रू मारले?' हा नेहमीचा प्रश्न नको. 'कधी असा आदेश आला का, जो तुम्हाला पटला नव्हता?' असे विचारून बघा. ते आधी इकडेतिकडे बघतील, चहा मागवतील. घाई करू नका. चहा येऊ द्या.