वापसा येईपर्यंत

पाऊस उघडला म्हणून कोणी लगेच तिफण जुंपत नाही. वापसा यावा लागतो. जमिनीतला जास्तीचा ओलावा उतरतो, मातीत हवा खेळू लागते आणि मगच पेरणी. तोवर शेतकरी बांधावर उभा राहून बघतो. त्याला आपण आळशी म्हणत नाही. मग माणसाच्या मनाला वापसा लागतो, हे आपण का विसरतो?

आपल्याच नगरच्या भुईकोट किल्ल्यातलं उदाहरण घेऊ. ९ ऑगस्ट १९४२ ला काँग्रेस कार्यकारिणीची मंडळी तिथं आणून ठेवली. नेहरू, मौलाना आझाद, सरदार पटेल, आचार्य नरेंद्र देव. नेहरूंचं ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ इथंच लिहिलं गेलं, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण तारखा बघा. पुस्तक लिहिलं एप्रिल ते सप्टेंबर १९४४ मध्ये, म्हणजे अवघ्या पाच महिन्यांत हाताने लिहिलेली हजारभर पानं. त्याआधीचे वीस महिने? त्या काळात पुस्तकाला सुरुवातच नव्हती. वाचन, गप्पा, आणि बागकाम! किल्ल्यातली जमीन जुन्या पडक्या बांधकामांच्या राडारोड्यानं भरलेली. ती खणून त्यांनी फुलझाडं लावली. आम्हाला वाटतं, पुस्तकाची मशागत तिथंच झाली.

आझादांचं आणखी वेगळं. ते पहाटे उठत, स्वतःच्या हातानं चहा करत आणि मित्राला पत्रं लिहीत. ती पत्रं तेव्हा टपालात पडलीच नाहीत. चहावर एक पत्र, खोलीत घरटं करणाऱ्या चिमण्यांवर एक. तीच पत्रं १९४६ मध्ये ‘गुबार-ए-खातिर’ म्हणून छापली गेली आणि उर्दू गद्यात मानाच्या जागी बसली.

पण थांबा, तुरुंगाला विश्रांती म्हणण्याची चूक आपण करायची नाही. एप्रिल १९४३ मध्ये आझादांच्या पत्नी कलकत्त्यात वारल्या. ते किल्ल्यातच होते. भेटीसाठी सरकारपुढं हात पसरायला ते तयार नव्हते. बाहेर बंगालमध्ये दुष्काळानं माणसं मरत होती. अशा वेळी आलेली शांतता सुखाची नसते. तिचं काहीतरी करावं लागतं, आणि लगेच करताही येत नाही.

दुसरी गोष्टही बोलली पाहिजे. या मंडळींना निदान पुस्तकं होती, जेवण वेळेवर होतं. पाथर्डी-शेवगावकडून कोयत्याची उचल घेऊन ऊसतोडीला जाणाऱ्या जोडप्याला एक दिवस थांबायचं म्हटलं, तर तो खाडा धरला जातो, पैसे कापले जातात. त्या बाईच्या मनातही गाणं असेल, ओवी असेल. तिला ‘जरा निवांत बसा, सुचेल’ असं सांगायला आपली जीभ रेटत नाही. पोळ्याला बैलाच्या मानेवरचं जू आपण एक दिवस उतरवतो. बैलाचा तो खाडा धरत नाही.