गप्प झालेलं मूल

1905 साली सिग्मंड फ्रॉइडचे लैंगिकतेवरचे तीन निबंध व्हिएन्नात प्रसिद्ध झाले आणि बालपण म्हणजे निव्वळ निरागसता, या समजाला तडा गेला. आधी तोंड, मग शौचावरचा ताबा, मग आपण मुलगा की मुलगी याची जाणीव, अशी मुलाच्या सुखाची केंद्रं सरकत जातात. वाटेत मन कुठे अडकलं तर त्याची खूण मोठेपणीच्या स्वभावात राहते, हा त्या विचाराचा गाभा. चिकट, हट्टी, अतिटापटीप माणसाचं मूळ फ्रॉइडने शौचाच्या शिस्तीत शोधलं.

या मांडणीचा पाया होता मोठ्या माणसांच्या आठवणी. घोड्यांना घाबरणाऱ्या पाच वर्षांच्या हान्सवर फ्रॉइडने 1909 मध्ये लिहिलं, पण उपचार झाले ते बहुतांशी मुलाच्या वडिलांमार्फत. 1922 मध्ये तरुण हान्स त्याला भेटायला आला, तेव्हा त्या प्रकरणातलं त्याला काहीच आठवत नव्हतं. त्याच वर्षी कलकत्त्यात गिरींद्रशेखर बोस यांनी भारतीय मनोविश्लेषण संस्था स्थापन केली. पुढे त्यांनी फ्रॉइडला कळवलं, की लिंग छाटलं जाण्याची जी भीती युरोपीय रुग्णांत ठळक दिसते, ती आपल्या हिंदी रुग्णांत तितकी दिसत नाही. एका खंडातल्या घरांवरून साऱ्या जगाच्या बालपणाचा नियम बांधता येईल का, ही शंका इतक्या लवकर पत्राने पोचली होती. तिच्याकडे पुरेसं लक्ष दिलं गेलं नाही, याची हळहळ वाटते.

मला फ्रॉइड सर्वांत मोठा वाटतो तो 1920 च्या एका छोट्याशा नोंदीत. त्याचा दीड वर्षांचा नातू दोरा बांधलेलं रीळ पलंगाच्या कडेपलीकडे फेकी, पुन्हा ओढून घेई आणि खूश होई. आईचं जाणं-येणं ते पोर खेळात स्वतःच्या हाती घेत होतं, असं आजोबांनी ओळखलं. इथे ते समोरच्या मुलाकडे बघत होते.

ही बघण्याची शिस्त पुढे नेली त्यांच्या मुलीने, अ‍ॅना फ्रॉइडने. नाझींमुळे बापलेक 1938 मध्ये लंडनला आले. युद्धात घरापासून तुटलेल्या मुलांसाठी तिने डोरोथी बर्लिंगहॅमसोबत हॅम्पस्टेडमध्ये पाळणाघरं चालवली. तिथे बॉयलर सांभाळणाऱ्या जेम्स रॉबर्टसनसकट प्रत्येकाने मुलांविषयीची निरीक्षणं कार्डावर लिहायची, असा नेम होता. हाच रॉबर्टसन 1948 मध्ये टॅव्हिस्टॉक क्लिनिकमध्ये मनोविश्लेषक जॉन बोल्बीच्या हाताखाली गेला आणि रुग्णालयांतले मुलांचे वॉर्ड पाहू लागला.

त्या काळी बऱ्याच ब्रिटिश रुग्णालयांत आईबापांना आठवड्यातून एखाद-दुसरा तासच भेट मिळे. आई आली की मूल रडतं, न आली की शांत राहतं, म्हणून न येणंच बरं, असा हिशेब होता. रॉबर्टसनला ती शांतता खटकली. आधी मूल आकांत करतं, मग खचतं आणि शेवटी आईकडेच पाठ फिरवतं. परिचारिकांना ‘रुळलं’ वाटतं ते याच तिसऱ्या पायरीवर. हे सांगून कुणाला पटेना, तेव्हा त्याने कॅमेरा घेतला. हर्नियाच्या शस्त्रक्रियेसाठी आठ दिवस दाखल झालेल्या लॉरा या अडीच वर्षांच्या मुलीचं त्याने चित्रण केलं. ती फारशी रडत नाही, चेहरा आवरून धरते. घरी निघताना आईचा हात मात्र धरत नाही.

1952 मध्ये लंडनमध्ये डॉक्टरांपुढे ही फिल्म दाखवली, तेव्हा सभागृह खवळलं. ही आमची बदनामी आहे, असं म्हटलं गेलं. 1959 मध्ये रुग्णालयांतल्या मुलांसाठी नेमलेल्या प्लॅट समितीने त्यांना भेटण्यावरची बंधनं उठवण्याची शिफारस केली. अंमलबजावणी रेंगाळत झाली, पण झाली. मनोविश्लेषणाच्या साऱ्या कामगिरीत मला हीच सर्वांत मोलाची वाटते.

याच परंपरेने आयांवर अन्यायही केला. मुलाच्या स्वमग्नतेला आईचा थंडपणा जबाबदार आहे, असं ब्रूनो बेटलहाइमने 1967 मध्ये ठासून लिहिलं. ते चूक होतं. आधीच पोळलेल्या किती घरांवर त्यामुळे अपराधाचं ओझं पडलं! ‘पुरेशी चांगली आई’ म्हणजे काय हे साध्या भाषेत सांगणारा डोनाल्ड विनिकॉट त्या मानाने किती दयाळू होता.

बालपणच माणूस ठरवतं का, याचा कस 1970 च्या दशकात अमेरिकेतल्या मिनेसोटात लागायला सुरुवात झाली. गरीब घरांतल्या पहिलटकरणींची मुलं जन्मापासून मोठी होईपर्यंत संशोधकांनी पाहिली. तान्हेपणीच्या नात्याचा ठसा पुढे दिसलाच. पण लहानपणी छळ सोसलेल्या काही आया स्वतःच्या मुलांशी तसं वागत नव्हत्या. त्यांच्या आयुष्यात कुणीतरी आलं होतं: लहानपणी जीव लावणारं दुसरं माणूस, पुढे मानसोपचार करणारं कुणी, किंवा आधार देणारा जोडीदार.