अध्ययनाच्या नोंदींचे स्थलांतर : जबलपूरच्या संदर्भात तांत्रिक मानकांचा विचार

जबलपूर हे संरक्षण-उत्पादनाचे जुने केंद्र आहे. गन कॅरेज फॅक्टरी १९०४ पासून येथे आहे. खमरियाला दारूगोळ्याचा कारखाना आहे. अशाच आयुध निर्माणी खडकी व अंबाझरी येथेही आहेत. बदलीमुळे एखादे मराठी कुटुंब जबलपूरहून महाराष्ट्रात येते, तेव्हा मुलाच्या दाखल्यावर इयत्ता येते, गुणपत्रिकेवर गुण येतात. पण ते मूल कोठे अडखळले व कशाने सावरले, ही माहिती मागेच राहते. अध्ययनानुभवाच्या नोंदींसाठी तांत्रिक मानके का हवीत, याचे उत्तर या त्रुटीत आहे.

आरंभीच्या काळात प्रचलित झालेले मानक म्हणजे 'स्कॉर्म'. अमेरिकी संरक्षण विभागाच्या 'ॲडव्हान्स्ड डिस्ट्रिब्यूटेड लर्निंग' या उपक्रमातून ते निर्माण झाले. मात्र त्याची नोंद अध्ययन-व्यवस्थापन प्रणालीत उघडलेल्या पाठापुरतीच मर्यादित होती. प्रयोगशाळा, कार्यशाळा वा ग्रंथालय तिच्या कक्षेबाहेर राहिले. ही मर्यादा ओलांडण्यासाठी २०१३ मध्ये 'एक्स-एपीआय'ची पहिली अधिकृत आवृत्ती आली. २०२३ मध्ये आयईईई या संस्थेने तिला मानकाचा दर्जा दिला.

या मानकाचा पाया व्याकरणासारखा आहे. प्रत्येक नोंद म्हणजे कर्ता, क्रिया व कर्म यांचे एक विधान : 'विद्यार्थिनीने अपूर्णांकांचा पाठ पूर्ण केला.' अशी विधाने 'अध्ययन-नोंद भांडारा'त साठतात. क्रियेची ओळख एका स्थिर संकेताने होते. तिचे दर्शनी नाव मात्र अनेक भाषांत देता येते. त्यामुळे 'पूर्ण केले' व 'पूरा किया' ही एकाच क्रियेची दोन नावे ठरतात. हिंदी माध्यमातील नोंद मराठी शिक्षकाला वाचता यावी, याची तांत्रिक सोय येथेच आहे.

भारतात या दिशेने स्वतंत्र प्रयत्न झाले आहेत. २०१७ मध्ये सुरू झालेल्या 'दीक्षा' मंचाच्या नोंदींतही कर्ता व कर्म आहेत. तथापि त्यांची रचना वेगळी असल्याने देवाणघेवाणीसाठी रूपांतर करावे लागते. २०२१ मध्ये आरंभ झालेली शैक्षणिक क्रेडिट बँक राणी दुर्गावती विद्यापीठासारख्या संस्थांतील श्रेयांकांना दुसऱ्या विद्यापीठात नेण्याचा मार्ग देते. परंतु श्रेयांक हे फलित होय, अध्ययनाची प्रक्रिया नव्हे.

येथे एक गंभीर पेच उभा राहतो. 'एक्स-एपीआय'मधील विधान एकदा नोंदले की बदलता येत नाही. ते केवळ रद्द ठरविता येते. उलट, २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियमात विदा दुरुस्त करवून घेण्याचा व पुसून टाकण्याचा अधिकार, तसेच अठरा वर्षांखालील मुलांसाठी पालकांच्या पडताळण्याजोग्या संमतीची अट आहे. मुलाची एका इयत्तेतील चूक त्याच्या मागोमाग किती वर्षे व किती गावी जावी, हे मानक ठरवीत नाही. नोंद कोणी वाचावी, किती काळ ठेवावी आणि केव्हा विसरावी, हे संस्थांनाच ठरवावे लागते. हा निर्णय नोंद सुरू होण्यापूर्वी झाला, तरच तिचे स्थलांतर मुलाच्या हिताचे ठरेल.