लिनक्स लॅपटॉप व घरचा राऊटर : दोष कोठे आहे ते कसे शोधावे?

प्राथमिक शिक्षकाचे काम आज वर्गाच्या चार भिंतींत संपत नाही. विद्यार्थ्यांची माहिती, शिष्यवृत्तीचे अर्ज, निरनिराळी विवरणपत्रे ही सर्व इंटरनेटवरून भरावी लागतात, आणि दिवसा अध्यापन करून हे काम बहुधा रात्री घरी बसून उरकावे लागते. अनेक शिक्षकांच्या लॅपटॉपवर उबुंटूसारखी लिनक्स प्रणाली असते. लिनस टॉर्वाल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्याने १९९१ साली जिचा आरंभ केला, ती ही प्रणाली विनामूल्य मिळते व जुन्या यंत्रावरही बऱ्यापैकी चालते. परंतु राऊटरशी तिचा संबंध तुटला म्हणजे जवळपास विचारावयास कोणी नसते, आणि माणूस गोंधळून जातो.

या बाबतीत माझ्या हातून घडलेली एक चूक प्रथम सांगतो. शिष्यवृत्तीचे काही अर्ज भरावयाचे राहिले होते व दुसरा दिवस अखेरचा होता. रात्री लॅपटॉप राऊटरशी जुळेना. गुप्तशब्द चुकीचा आहे असे तो पुन:पुन्हा सांगू लागला. मी उतावीळपणे राऊटरच्या मागील बारीक छिद्रात टाचणी घालून आतील कळ दाबली. त्यासरशी राऊटरमधील सर्व मांडणी पुसली गेली व घरातील मोबाईलही बंद पडले. खरा दोष काय होता? लॅपटॉपचा कळफलक मराठीवर राहिला होता! गुप्तशब्दाची अक्षरे ठिपक्यांआड झाकलेली असल्यामुळे मी देवनागरीत टंकतो आहे हे मला दिसलेच नाही. अर्ज कसेबसे वेळेत गेले. पण माझ्या घाईमुळे मुलांचे वर्षाचे साहाय्य बुडण्याची वेळ आली होती, हे मी विसरलेलो नाही.

मूळ तत्त्व

पाटाचे पाणी वाफ्यात पोचत नसेल, तर शेतकरी विहीर खणावयास धावत नाही. तो पाटाच्या कडेने चालत जाऊन पाणी कोठपर्यंत आले आहे ते पाहतो. विद्यार्थ्याचे गणित चुकले, तर आपणही सबंध गणित न खोडता कोणती पायरी चुकली ते शोधतो. तीच रीत येथे अवलंबावी. लॅपटॉप, राऊटर, राऊटरपुढील तार आणि इंटरनेट असा हा मार्ग आहे. एका वेळी एकच गोष्ट बदलावी व तिचा परिणाम पाहूनच पुढे जावे.

१. दोष राऊटरकडे की लॅपटॉपकडे?

घरातील मोबाईलचा डेटा बंद करून तो केवळ वायफायवर ठेवावा व एखादे पान उघडून पाहावे. डेटा बंद करण्यास विसरू नये. नाहीतर परीक्षा व्यर्थ होते. मोबाईललाही पान मिळत नसेल तर लॅपटॉप निर्दोष समजावा व राऊटरकडे वळावे. फायबरच्या यंत्रावर ‘लॉस’ या नावाचा दिवा तांबडा लागला असेल, तर तारेतून प्रकाश येत नाही असा त्याचा अर्थ होय. तार फार वाकली, उंदराने कुरतडली किंवा बाहेर तुटली असावी. ती दुरुस्त करणे सेवा देणाऱ्या मंडळींचेच काम आहे. दिवे ठीक असतील तर वर्गणीची मुदत संपली नाही ना ते पाहावे. नंतर राऊटरचा विजेचा खटका बंद करून अर्धा मिनिट थांबावे, पुन्हा चालू करावा आणि तीन-चार मिनिटे वाट पाहावी. पुष्कळसे दोष एवढ्यानेच दूर होतात.

२. लॅपटॉपला राऊटरचे नाव दिसते का?

मोबाईल चालतो व लॅपटॉप चालत नाही, असे ठरल्यावर लॅपटॉपवरील वायफायची यादी उघडावी. शेजाऱ्यांची नावे दिसतात पण आपले दिसत नाही, अशा वेळी लॅपटॉप राऊटरजवळ न्यावा. राऊटर बहुधा २.४ व ५ गिगाहर्ट्झ अशा दोन लहरींवर बोलतो. त्यांपैकी ५ गिगाहर्ट्झची लहर वेगवान खरी, पण भिंतींपुढे ती लवकर क्षीण होते. आणि काही जुन्या लॅपटॉपांना ती मुळीच कळत नाही.

एकही नाव दिसत नसेल, तर टर्मिनल उघडून ‘आरएफकिल लिस्ट’ ही आज्ञा द्यावी. (येथील आज्ञा उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत, टंकताना अक्षरे व अंक रोमन घ्यावेत, अक्षरे लहान असावीत व शब्दांत एक जागा सोडावी.) उत्तरात ‘सॉफ्ट ब्लॉक्ड’पुढे ‘येस’ असेल, तर ‘आरएफकिल अनब्लॉक वायफाय’ अशी आज्ञा द्यावी. ‘हार्ड ब्लॉक्ड’पुढे ‘येस’ असेल, तर लॅपटॉपच्या कडेचा खटका किंवा कळफलकावरील विमानाची कळ पाहावी.

आरएफकिलच्या यादीत वायफायचा उल्लेखच नसेल, तर बहुधा वायफायच्या चिपचा ड्रायव्हर नाही. ब्रॉडकॉम कंपनीच्या काही चिपांबाबत हे विशेष आढळते. अशा वेळी लॅपटॉप तारेने राऊटरला जोडावा व उबुंटूतील ‘ॲडिशनल ड्रायव्हर्स’मधून तो बसवून घ्यावा. प्रणाली अद्ययावत केल्यानंतरच दोष उद्भवला असेल, तर यंत्र सुरू होताना ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’मधून आधीचे कर्नेल निवडून पाहावे.

३. नाव दिसते, पण संबंध जुळत नाही

प्रथम कळफलकाची भाषा इंग्रजी आहे ना ते पाहावे. गुप्तशब्द टंकताना तो दाखविण्यासाठी डोळ्याचे चिन्ह असते. त्याचा उपयोग करावा. मोठी व लहान अक्षरे भिन्न मानली जातात, हे ध्यानात ठेवावे. राऊटरचा गुप्तशब्द बदलला असेल, तर लॅपटॉपच्या स्मरणातील जुनी नोंद ‘फर्गेट’ म्हणून काढून टाकावी व नव्याने संबंध जोडावा.

४. संबंध जुळला, पण पान उघडत नाही

येथे चार परीक्षा क्रमाने कराव्यात.

पहिली : ‘आयपी रूट’ ही आज्ञा द्यावी. ‘डिफॉल्ट व्हाया १९२.१६८.१.१’ अशा स्वरूपाची ओळ दिसली पाहिजे. हा आपल्या राऊटरचा पत्ता होय. आपल्याकडे अंक थोडे निराळे असू शकतील. अशी ओळ नसेल, तर राऊटरने लॅपटॉपला पत्ता दिलेला नाही. ‘एनएमसीएलआय नेटवर्किंग ऑफ’ व नंतर ‘एनएमसीएलआय नेटवर्किंग ऑन’ अशा दोन आज्ञा देऊन पुन्हा पाहावे.

दुसरी : ‘पिंग’ लिहून पुढे राऊटरचा तो पत्ता द्यावा. एकामागून एक उत्तरे येऊ लागली, तर लॅपटॉप व राऊटर यांचे बोलणे चालू आहे. लिनक्समध्ये पिंग आपण होऊन थांबत नाही. कंट्रोल व सी या कळा एकत्र दाबून त्याला थांबवावे लागते. उत्तरे तुटक येत असतील तर लहर क्षीण आहे, राऊटरजवळ जावे.

तिसरी : ‘पिंग ८.८.८.८’ करावे. हा गूगलच्या एका सार्वजनिक यंत्राचा पत्ता आहे. राऊटर उत्तर देतो पण येथून उत्तर नाही, असे झाल्यास दोष बहुधा राऊटरच्या पुढे आहे. मोबाईलवर पुन्हा परीक्षा करावी.

चौथी : ‘पिंग’पुढे एखाद्या संकेतस्थळाचे नाव द्यावे. अंक चालतो पण नाव ओळखले जात नाही, असे दिसल्यास डीएनएसमध्ये दोष आहे. डीएनएस म्हणजे नावावरून पत्ता सांगणारी व्यवस्था. गावात नवीन आलेल्या पोस्टमनला घरे ठाऊक नसावीत, तशी ही स्थिती होय. वायफायच्या मांडणीत ‘आयपीव्ही४’ या भागात डीएनएसचे ‘ऑटोमॅटिक’ बंद करून तेथे ८.८.८.८ हा पत्ता लिहावा व संबंध तोडून पुन्हा जोडावा.

चारही परीक्षा उतरल्या आणि तरीही ब्राउझर सुरक्षिततेची सूचना देऊन पान नाकारीत असेल, तर लॅपटॉपचे घड्याळ व दिनांक पाहावा. जुन्या लॅपटॉपमधील लहान बॅटरी संपली म्हणजे दिनांक कित्येक वर्षे मागे जातो. संकेतस्थळांच्या प्रमाणपत्रांना मुदत असल्यामुळे मग ती अग्राह्य ठरतात. दिनांक सुधारताच काम सुरू होते.

५. निकडीच्या वेळी

अखेरची तारीख समोर असेल, तर दोष शोधीत बसू नये. मोबाईल डेटा-वायरने लॅपटॉपला जोडून मोबाईलवर ‘यूएसबी टेदरिंग’ चालू करावे. लिनक्स यास बहुधा तत्काळ ओळखते. वायफाय बिघडलेले असले तरी अडत नाही. काम आधी पार पाडावे, दोष सावकाश शोधावा.

६. काय करू नये

राऊटरच्या छिद्रातील कळ दाबू नये. सेवा देणाऱ्यांनी दिलेले नाव व गुप्तशब्द तिने पुसले जाऊ शकतात व राऊटर पुन्हा मांडून घ्यावा लागतो. घाबरून सबंध लिनक्स नव्याने बसवू नये. त्यात आपली कागदपत्रे जाण्याचा धोका असतो. इंटरनेटवर सापडलेली, अर्थ न समजलेली आज्ञा ‘सुडो’ लावून देऊ नये. त्या शब्दाने आज्ञेला यंत्रावरील सर्वाधिकार मिळतो.

शेवटी एक सूचना. एक लहान वही लॅपटॉपजवळ ठेवावी. राऊटरचा पत्ता, निरोगी स्थितीत कोणते दिवे कसे लागतात, आणि प्रत्येक वेळी कोणता दोष आढळला व कशाने गेला, हे तीत टिपावे. दुसऱ्या खेपेस ती वहीच आपली मार्गदर्शक होईल, आणि केंद्रातील सहकाऱ्यांच्याही उपयोगी पडेल. क्रमाने पाहणे, एका वेळी एकच बदल करणे आणि निष्कर्षाची घाई न करणे हे आपण मुलांना रोज शिकवितो. घरच्या राऊटरपुढे बसल्यावर तेवढेच आपण स्वत: पाळले, तर एखाद्या मुलाचा अर्ज केवळ आपल्या गोंधळामुळे मागे राहणार नाही.